फाट्यावरच्या तीन डहाळ्या

अस्वल्या पहाडीचा फेरा साडेपाच कोसांचा आहे. नवेगाव बांधच्या मागच्या अंगानं पहाटे चढायला लागावं, खिंड, धार, झरा असं करत पलीकडून उतरावं, तर दिवस कलता कलता माणूस जिथून निघाला तिथंच परत येतो. जिथं होतो तिथंच यायचं, तर मग जायचं कशाला, असा साधा प्रश्न गावाला पडायचा आणि त्याचं उत्तर आजवर कोणी दिलेलं नव्हतं. गावची माणसं मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला पहाडीत जात आणि काम झालं की आल्या वाटेनं परत फिरत. आख्खा फेरा मारणारे लोक दोनच प्रकारचे. एक जंगलातले रोजंदारी मजूर, ज्यांना त्या चालण्याची मजुरी मिळायची. आणि दुसरे गोंदियाकडचे हौशी लोक, जे पदरमोड करून पाय दुखवून घ्यायला येत.

बकाराम पहिल्या प्रकारातला आणि त्याचा एकुलता एक मुलगा वीरेंद्र दुसऱ्या प्रकारातला. बकारामला याच गोष्टीचं आयुष्यात सगळ्यात मोठं समाधान होतं.

तीस वर्षं त्यानं पहाडीतल्या वाटा राखल्या होत्या. पावसाळा सरला की वाटेवर माजलेलं रान कापायचं, आडवी पडलेली झाडं बाजूला ओढायची, उन्हाळ्याआधी वणवा अडवायला गवत जाळून पट्टे काढायचे. एका वर्षी असाच पट्टा जाळताना वारा फिरला आणि त्याचे दोन्ही तळपाय भाजून निघाले. दीड महिना तो खाटेवर पडून होता. वीरेंद्र तेव्हा नऊ वर्षांचा. बापाच्या पायांवर कोंबडीच्या पिसानं तेल फिरवत बसलेल्या त्या पोराकडे बघता बघता बकारामनं बायकोला, धुरपताला, सांगून टाकलं, “या टुऱ्याले जंगलाचं काम शिकवाचं नाई. एकबी नाई. याच्या हातात कुऱ्हाड दिसली तं मी तुले बोलन.”

बोलायची वेळ आली नाही. पुढच्याच जूनमध्ये पोरगा गोंदियाच्या वसतिगृहात गेला, शिकला, एका कार्यालयात कारकून झाला आणि शहरालगतच्या मुर्रीला खोली घेऊन राहू लागला. बोलणंही शहरी झालं. आईबापाला ते ऐकताना जरा परकं वाटायचं आणि त्याच वेळी छातीही फुगायची.

असा हा वीरेंद्र. पहाडीतली एकच गोष्ट त्याला ठाऊक होती, ती म्हणजे पालादेव. तो सात वर्षांचा असताना धुरपताच्या नवसापायी बकारामनं त्याला खांद्यावर बसवून पालादेवापर्यंत नेलं होतं. या देवाला देऊळ नाही, पुजारी नाही, शेंदूरसुद्धा नाही. एक धोंडा आहे, आणि तोही दिसत नाही, कारण येणारा-जाणारा वाटेतली हिरवी डहाळी तोडून त्याच्यावर टाकतो आणि हात जोडतो. म्हणजे मग पाय दुखत नाहीत, अस्वल आडवं येत नाही आणि माणूस फेरा पुरा करून घरी पोचतो. वाळल्या पाल्यावर ओला पाला, असा ढीग तिथं बारा महिने असतो. सात वर्षांच्या वीरेंद्रनं बापाच्या खांद्यावरूनच डहाळी टाकली होती आणि घरी येईपर्यंत, “बाबा, तुमचे पाय दुखले का? नाई ना?” असं दर शंभर पावलांवर विचारलं होतं.

पहाडीत आणखी एक डहाळी असते. ती देवाची नाही, कामाची. वाट खचली, अस्वलीनं पिलं घातली, मधमाश्या उठल्या, असं काही झालं की वाटेच्या तोंडाशी तीन हिरव्या डहाळ्या आडव्या टाकायच्या आणि त्या उडू नयेत म्हणून वर गोटे ठेवायचे. म्हणजे वाट बंद. पहाडीखालच्या कोणत्याही गावातलं शेंबडं पोर ही खूण ओळखतं. गुरंसुद्धा ओळखतात असं बकाराम म्हणायचा, आणि गुरांच्या बाबतीत तो सहसा खोटं बोलत नसे. वीरेंद्रला मात्र ती खूण माहीत नव्हती. शिकवायची राहून गेली असंही नव्हे. ती कामाची गोष्ट होती, म्हणून शिकवलीच नव्हती.

वसतिगृहात असताना वीरेंद्र मित्रांना सांगायचा, वडील जंगलखात्यात आहेत. खात्यात म्हणजे नेमके काय आहेत हे तो सांगत नसे. बकारामला हे कळलं होतं आणि त्याला त्याचं वाईटही वाटलं नव्हतं. आपण असतो तर आपणही तेच केलं असतं, असं त्याला वाटायचं. पण वय वाढलं तसा पोरगा बदलला. गोंदियात त्यानं दहा-पंधरा जणांचं एक भटकंती मंडळ काढलं, पिवळ्या टोप्या छापून घेतल्या, आणि दोन हजार आठच्या उन्हाळ्यात घरी आला तेव्हा बापासमोर कागद पसरून बसला. म्हणाला, “बाबा, मला अस्वल्याचा नकाशा काढून द्या. दसऱ्यानंतर सगळ्यांना घेऊन येतो. त्यांना सांगितलंय मी, ही पहाडी माझ्या बाबांच्या डोक्यात आहे म्हणून.”

बकारामनं जमिनीवर काडीनं रेघा ओढल्या आणि वीरेंद्रनं त्या कागदावर उतरवल्या. दीड कोसावर फाटा. डावीकडची वाट खिंडीतून वर चढते, दमछाक करते. उजवीकडची आडवी वाट कड्याच्या पोटातून सरळ जाते. पुढं दोन्ही मिळतात आणि झऱ्यावर पोचतात. “शयरातल्या मानसाइले आडवी बरी,” असं बकारामनंच सांगितलं. पालादेव नेमका कुठं, हे पोरानं विचारलं नाही. त्याला वाटलं, ते तर आपल्याला ठाऊकच आहे.

त्या वर्षी श्रावण-भाद्रपदात पाऊस पडला तो पडतच राहिला. दसरा झाला आणि शनिवारी संध्याकाळी वीरेंद्रचा फोन आला. त्यानं घरी एक मोबाइल देऊन ठेवला होता, पण त्याला रेंज फक्त तलावाच्या पाळीवर मिळायची, म्हणून धुरपता तो उशीच्या खोळीत गुंडाळून ठेवायची आणि ठरल्या वेळी दोघं नवरा-बायको पाळीवर जाऊन उभी राहायची.

“बाबा, वाट कशी आहे? पाऊस फार झाला म्हणतात.”

“पाहून ठेवतो ना बाप्पा. तू कायले घोर करतोस? मानसं घेऊन ये, बस. झऱ्यावर जेवन तयार राहीन.”

“वाट बिघडली असेल तर सांगाल ना?”

“बिघडली असन तं नीट करून ठेवन. मी आहो ना तठी.”

एवढंच बोलणं झालं. बकारामला ते पुरेसं वाटलं. त्यानं आयुष्यभर वाटा राखल्या होत्या, त्यांच्याविषयी बोलायची सवय त्याला नव्हती.

रविवारी तो पहाटे पाचला निघाला. खांद्यावर कुऱ्हाड, डोक्यावर भाताचा गंज, त्यात तांदूळ, डाळ, धुरपतानं करून दिलेली अंबाडीची चटणी आणि पंधरा माणसांसाठी पळसाच्या पत्रावळ्या. मोबाइल त्यानं घरीच ठेवला. पहाडीत त्याला रेंज नसते, मग ओझं कशाला?

फाट्यापर्यंतची वाट बरी होती. दोन ठिकाणी बांबू आडवा आला होता, तो त्यानं तोडला. मग गंज फाट्यावर ठेवून तो उजवीकडच्या आडव्या वाटेनं बघायला गेला आणि अर्ध्या कोसावर थबकला. कड्याच्या वळणाशी एक भला मोठा खडक वाटेत पोट काढून उभा होता, आणि त्या खडकाला वळसा घातल्याबरोबर पुढची वाट नव्हतीच. दहा-बारा हातांचा तुकडा पावसात खाली गेला होता. गंमत अशी की वरचं गवत छातीभर वाढून त्या भगदाडावर असं लवलं होतं, की वाट नाही हे शेवटच्या पावलापर्यंत कळू नये. बकारामला कळलं कारण तो काठीनं चाचपत चालत होता. त्यानं वाकून खाली पाहिलं. तीन पुरुष खोल एक कपार होती आणि त्याच्या खाली दरी.

तो फाट्यावर परत आला. ऐनाच्या तीन चांगल्या भरगच्च डहाळ्या त्यानं तोडल्या, आडव्या वाटेच्या तोंडाशी नीट टाकल्या, वर गोटे ठेवले. नेहमीपेक्षा जास्तच गोटे ठेवले, कारण पोराची माणसं येणार होती. दोन पावलं मागं सरून त्यानं ते काम पाहिलं आणि त्याला बरं वाटलं. मग गंज उचलून तो डावीकडं खिंडीत चढला. पालादेवाला एक डहाळी आपली टाकली, एक वीरेंद्रची, आणि चौदा पाहुण्यांची मिळून एक. पुढं धार धरून चालत साडेदहाच्या सुमारास तो झऱ्यावर पोचला.

झरा पलीकडच्या सोंडेवर आहे. तिथून समोर, दरीपलीकडं, आडव्या वाटेचा कडा सगळा दिसतो. सरळ अंतर म्हणाल तर गोफणीचा गोटा दोनदा टाकावा एवढं. पण मधे दरी, आणि वाटेनं जायचं तर दरीला वळसा घालून पाऊण तास. बकारामनं तीन दगड मांडले, चूल पेटवली, गंज चढवला. मग सहज समोर पाहिलं.

कड्यावरून पिवळ्या टोप्या येत होत्या.

आधी त्याला वाटलं, आपलीच नजर चुकते आहे. ते तर वर धारेवर दिसायला हवेत. त्यानं डोळे चोळले, पुन्हा पाहिलं, टोप्या मोजल्या. पंधरा होत्या. आडव्या वाटेवरच होत्या. एकामागं एक, रमतगमत, कोणी फोटो काढतंय, कोणी गातंय. सगळ्यात पुढचा हात हलवत मागच्यांना काहीतरी सांगत होता. त्या हाताची लकब बकारामनं लगेच ओळखली.

डहाळ्या टाकल्या होत्या की नाही? टाकल्या होत्या. मग हे आले कसे? विचार करायला वेळ नव्हता. ते त्या पोट काढलेल्या खडकापासून फार तर पंधरा-वीस मिनिटांवर होते, आणि त्याला तिथं पोचायला पाऊण तास. हिशेब लगेच झाला.

तो कड्याच्या टोकाशी धावला आणि तोंडाशी हात धरून ओरडला, “थांबाऽऽ! वीरेंद्राऽऽ, थांब रेऽऽ!”

आवाज दरीत घुमला आणि त्यातला शब्द विरून नुसती आरोळी पलीकडं पोचली. पलीकडून पंधरा जणांनी एका सुरात “ओऽऽ” दिली. शहरातल्या माणसांना पहाडीत आरोळी ठोकायला फार आवडतं. ती त्यांना मिळाली होती.

बकारामनं डोक्याचा दुपट्टा सोडला आणि दोन्ही हातांनी मागं जा, मागं जा असा हलवला. पलीकडून पंधरा टोप्या हलल्या. तो दोन्ही तळवे पुढं करून हवेत ढकलू लागला. पलीकडून काही जणांनी तसंच केलं. त्याला रडू फुटायला आलं. एवढ्या लांबून जा म्हणणारा हात आणि ये म्हणणारा हात सारखाच दिसतो, हे त्याला साठाव्या वर्षी कळत होतं.

मग त्याला चुलीची आठवण झाली. धूर केला तर? वणव्याचा धूर दिसला की माणूस थांबतोच. त्यानं ओला पाला ओरबाडून चुलीवर टाकला. दाट पांढरा धूर वर चढला. पलीकडं टाळ्या वाजल्या, शिट्ट्या वाजल्या. जेवण तयार होतंय, हे त्यांना समजलं होतं. रांग आता जरा भराभर चालू लागली. बकारामनं शिव्या देत लाथेनं चूल विस्कटली, गंज कलंडला, भात मातीत सांडला. पावलं काही कमी झाली नाहीत.

खडक आता थोडाच लांब राहिला होता. बकारामच्या डोक्यात तेव्हा जे आलं ते कोणत्याही बापाच्या डोक्यात आलं असतं. आपण पडलो तर? म्हातारा माणूस कड्यावर कोसळलेला दिसला तर माणसं जागच्या जागी थांबतील, काय झालं म्हणून बघतील, बोलतील. तेवढ्यात काही सुचेल. पुढचा विचार त्यानं केला नाही. छातीला हात लावला, दोन झोकांड्या खाल्ल्या आणि धाडकन आडवा झाला.

पलीकडचं गाणं थांबलं. शिट्ट्या थांबल्या. बकारामनं गवतातून डोळा किलकिला करून पाहिलं. रांग थांबली होती. चौदा टोप्या जागच्या जागी उभ्या होत्या. त्याला इतकं हायसं वाटलं की त्यानं पालादेवाचं नावही घेतलं.

पण सगळ्यात पुढची टोपी थांबली नव्हती. ती पळत होती. बाप पडलेला पाहून ती जीव तोडून झऱ्याकडं पळत होती.

“नाईऽऽ!” बकाराम उठून उभा राहिला. “मी बरा आहो रेऽऽ! थांबऽऽ!”

पिवळी टोपी खडकाला वळसा घालून गेली आणि पलीकडं निघाली नाही.

दरीतून आवाज आला तो थोड्या वेळानं. मातीचा आणि गोट्यांचा. माणसाचा नव्हता.

बकाराम धावला. भाजलेल्या तळपायांची कातडी कधीच नीट आली नव्हती, त्या पायांनी साठ वर्षांचा माणूस जेवढा धावतो तेवढा धावला. खिंडीकडून येणारी वाट जिथं आडव्या वाटेला मिळते तिथून वळून तो भगदाडाच्या अलीकडच्या कडेला पोचला तेव्हा पाऊण तासच झाला होता. एक मिनिट इकडं नाही की तिकडं नाही. भगदाडाच्या पलीकडं खडकाला धरून बारा माणसं उभी होती. वीरेंद्रचा कार्यालयातला सोबती भुवनेश्वर पुढं होता. मुर्रीचाच राहणारा, अंगानं धिप्पाड आणि आता लहान मुलासारखा रडत असलेला.

“काका, रस्सी आहे का? रस्सी!”

दोर नव्हता. कुऱ्हाड झऱ्यावर राहिली होती. दोघं जण गावाकडं पळाले होते, पण गाव दोन कोस खाली, आणि दोर घेऊन पुन्हा दोन कोस वर. बकाराम पोटावर पडला आणि भगदाडाच्या कडेवरून त्यानं खाली डोकावलं. कपारीत वीरेंद्र कुशीवर पडला होता. एक पाय नको तिकडं वळला होता. टोपी कुठं दिसत नव्हती.

“वीरेंद्रा!”

बराच वेळ काही नाही. मग आवाज आला, “बाबा?”

“हो, बेटा. मी आहो.”

“तुमी पडले ना? काय झालं तुमाले?”

“काई नाई झालं. पाय घसरला जरासाक.”

“मी पाह्यलं. म्हनून पळत येऊन राह्यलो होतो.”

गोंदियात गेल्यापासून पोराच्या तोंडची गावची बोली गेली होती. त्या कपारीत ती सगळीच्या सगळी परत आली होती. बकारामनं दुपट्टा आणि धोतर एकमेकांना गाठ मारून खाली सोडलं. ते निम्म्यावर लोंबकळत राहिलं. तो आणखी पुढं सरकला तशी काठाची माती ढासळली आणि खाली पोराच्या अंगावर पडली. वीरेंद्र कळवळला.

“नोको, बाबा. माती पडून राह्यली. सरकू नोका.”

मग बकाराम सरकला नाही. पहाडीतली प्रत्येक वाट ज्याला माहीत होती, त्याच्याजवळ पोरापर्यंत जायला तीन पुरुष अंतराची वाट नव्हती. भुवनेश्वर पलीकडून उतरायला बघत होता, त्याला बकारामनंच ओरडून थांबवलं, कारण त्याच्या पायाखालचीही माती सुटत होती. आता फक्त बोलायचं तेवढं हातात होतं.

“लय दुखते का रे?”

“पायाचं समजत नाई. पोटात दुखते.” मग तो म्हणाला, “बाबा, डहाळी तं वाह्यली होती म्या.”

“कोठी?”

“फाट्यावर. पालादेवाले. तुमी ताजा पाला टाकून ठेवला होता ना, वर गोटे ठेवून. मले एकदम लहानपनचं आठवलं. म्या पह्यले वाह्यली, मंग सर्व्याइले वाहाले लावली. त्याइले सांगतलं, माह्या बाबानं आपल्यासाठी देव सजवून ठेवला.”

वर बकाराम काठाच्या मातीत तोंड खुपसून पडून राहिला. आता त्याला सगळं समजलं. आपण देव दाखवला आणि खूण दाखवली नाही. पोरानं आपल्या खुणेला हात जोडले, तिच्यावर डहाळी टाकली आणि तिला ओलांडून तो पुढं आला. पंधरा जणांनी ओलांडली.

“बाबा?”

“हो.”

“बराबर टाकली नाई का म्या डहाळी?”

“बराबर टाकली, बेटा. अशीच टाकतेत.”

“मंग काऊन?”

बकारामला उत्तर होतं आणि ते देता येण्यासारखं नव्हतं. तो म्हणाला, “तू बोलू नोको. मी बोलतो. गावातून सुखराम दोर घेऊन येऊन राह्यला. तुह्या मायनं अंबाडीची चटनी केली आहे. तुले आवडते म्हनून जास्तीची केली.” मग तो बोलत राहिला. तलावात यंदा पाणी किती आलं ते सांगितलं, हलका धान कापणीला आला ते सांगितलं, धुरपता मोबाइल उशीच्या खोळीत ठेवते ते सांगितलं. त्यावर खालून हसल्यासारखा आवाज आला. मधून मधून तो, “आयकून राह्यला ना?” असं विचारायचा आणि खालून “हो” यायचं. पुढं “हो” यायला वेळ लागू लागला. दोनच्या सुमाराला आलं नाही. बकारामनं पुन्हा विचारलं. पुन्हा विचारलं. मग विचारायचं थांबवलं, पण बोलायचं थांबवलं नाही, कारण थांबलं की काय झालं ते खरं होणार होतं.

साडेतीनला गावातला सुखराम चार माणसं, खाट आणि दोर घेऊन आला. अनुभवी माणूस होता, कंबरेला दोर बांधून खाली उतरला, आणि वर न बघता त्यानं नुसती मान हलवली.

खाली उतरताना सगळ्यात पुढं खाट होती आणि मागून, खिंडीच्या वाटेनं वळसा घालून आलेला बकाराम. फाट्यावर खांदे बदलायला माणसं थांबली तेव्हा त्यानं ते पाहिलं. त्याच्या तीन डहाळ्या आता दिसत नव्हत्या. त्यांच्यावर पंधरा डहाळ्या होत्या, नीट, एकावर एक, आणि दसऱ्याचा उरलेला एक झेंडूही कोणीतरी खोचला होता. गावच्या पाच माणसांपैकी कोणाचं तिकडं लक्ष गेलं नाही. गेलं असतं तरी त्यांना बंद वाटच दिसली असती.

डहाळीची गोष्ट धुरपताला भुवनेश्वरनं सांगितली. बिचाऱ्यानं चांगल्या मनानं सांगितली, की वीरेंद्रचा किती विश्वास होता, त्यानं आम्हा सगळ्यांना कसे हात जोडायला लावले. धुरपतानं ती ऐकली आणि तेराव्याच्या दिवशी, माणसं जेवत असताना, ती अंगणात उभी राहून पहाडीकडं तोंड करून बोलली.

“माह्या लेकरानं पंधरा मानसाइच्या डहाळ्या तुह्या अंगावर टाकल्या अन् तुले एक जीव राखता नाई आला? आजपासून तू माह्यासाठी गोटा. या घरातलं कोनी तुले पाल्याचं एक पान नाई वाहनार.” आणि वळून नवऱ्याला म्हणाली, “तुमीबी नाई. आयकून राह्यले ना?”

बकारामनं तोंड उघडलं. देवाचा काही गुन्हा नाही, देवापर्यंत तर पोरगं पोचलंच नव्हतं, ते माझ्या डहाळ्यांना पाया पडलं आणि माझं पडणं बघून पळालं, हे सगळं त्याच्या जिभेवर आलं होतं. धुरपता त्याच्याकडं बघत होती. तिच्याजवळ आता रागवायला फक्त तो देव होता आणि सोबतीला फक्त हा नवरा. बकारामनं तोंड मिटलं आणि मान हलवली. याला भित्रेपणा म्हणायचं तर म्हणावं. त्यानं स्वतःला याहून वाईट शब्द वापरले आहेत.

वर्षं गेली. आडवी वाट कायमची सुटली. फाट्यावर बकाराम आता डहाळ्या टाकत नाही, बोरीच्या काट्यांचं कुंपण घालतो, कारण काट्यांना कोणी हात जोडत नाही. पावसाळा सरला की तो अजूनही पहाडीत जातो, वाटेवरचं रान कापतो आणि खिंडीत पोचल्यावर इकडंतिकडं बघून दोन डहाळ्या तोडतो. एक आपली टाकतो. दुसरी धुरपताची टाकतो आणि देवाला म्हणतो, “तिचं मनावर घेऊ नोको. तिले मालूम नाई.”

दिवस कलताना तो घरी येतो. धुरपता त्याला पाणी देते, तो पडवीत बसतो आणि ती तेलाची वाटी घेऊन त्याचे ते जुने भाजलेले पाय मांडीवर घेते. फेरा साडेपाच कोसांचा, वय सत्तरीला टेकलेलं, आणि तरी त्याचे पाय दुखत नाहीत. डहाळी वाहिली की दुखत नाहीत, हे तिलाही लहानपणापासून ठाऊक आहे. म्हणून दर वेळी ती तळव्यावरून अंगठा फिरवते, त्याच्या तोंडाकडं बघते आणि विचारते, “दुखून राह्यले का?”

“दुखतेत,” बकाराम सांगतो. “लय दुखतेत.”